विठ्ठलसेवक यादवराज रामचंद्रदेव

आषाढी एकादशीच्या पुण्यपर्वावर संतांचे गुणगान सर्वत्र होतच असते. आम्ही आज भाविक वाचकांपुढे पंढरीनाथाच्या एका राजसेवकाचे चरित्र ठेवीत आहोत. तो सेवक म्हणजे देवगिरीचा यादवराज रामचंद्रदेव.

कृष्णदेवाचा हा पुत्र १२७१ साली चुलतबंधू आमण यास पदच्युत करून सिंहासनावर आला. हा मार्ग निष्कलंक नव्हता, हे आम्ही झाकून ठेवीत नाही. पुढे त्याच्या पराक्रमाची झेप आमच्या या अरण्यप्रांतापर्यंत आली. त्याने वज्राकराच्या अधिपतीस जिंकले, असे पुरुषोत्तमपुरीच्या ताम्रपटात नमूद आहे. वज्राकर म्हणजे आपल्याच गडचिरोली जिल्ह्यातील वैरागड, असे संशोधक मानतात.

परंतु या राजाची खरी ओळख पंढरपुरी पटते. तेथील मंदिरातील चौऱ्याऐंशीचा शिलालेख १२७३ ते १२७७ या काळातील आहे. श्रीविठ्ठलाच्या सेवेसाठी कोणी किती द्रव्य अर्पिले, याची ती नोंदवही होय. तीत रामचंद्रदेवाचे व त्याचा मंत्री हेमाद्री पंडित याचे नाव आहे. तसेच अनेक सामान्य भक्तांचीही नावे आहेत. देवाच्या वहीत राजा आणि रयत एकाच शिळेवर आली!

१२९० साली नेवाशास ज्ञानेश्वरी पूर्ण झाली, तेव्हा ज्ञानेश्वर माउलींनी ग्रंथाच्या शेवटी याच राजाचा न्यायी पृथ्वीपती म्हणून गौरव केला.

पुढे दैव फिरले. १२९६ साली अल्लाउद्दीन खलजीने देवगिरी लुटली. १३०७ साली मलिक काफूरने राजास दिल्लीस नेले. सुलतानाचा मांडलिक होऊन तो परतला. अशा पडत्या काळातही त्याची धर्मबुद्धी ढळली नाही. गोदातीरीच्या पुरुषोत्तमपुरीच्या अग्रहारासाठी त्याने १३१० साली ताम्रपट करून दिला. त्यानंतर लवकरच त्याचा अंत झाला आणि काही वर्षांतच यादवांचे राज्यही लयास गेले.

कोषातले सुवर्ण शत्रूने नेले. देवास वाहिलेले मात्र कोणासही नेता आले नाही. चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकावा म्हणून त्या शिळेस भाविक श्रद्धेने पाठ घाशीत आले आणि त्यांच्या स्पर्शाने तिची अक्षरे झिजत गेली. राजाचे नाव वारकऱ्याच्या पाठीखाली झिजावे, याहून थोर राजवैभव आम्हांस तरी ठाऊक नाही. आपणही आज यथाशक्ती जे अर्पाल, त्याची नोंद पांडुरंगाच्या दरबारी होतेच, हा विश्वास बाळगावा.