देवराज अर्स : कुळांना जमीन मिळवून देणारे मुख्यमंत्री

बंगळुरूची इलेक्ट्रॉनिक सिटी १९७८ मध्ये कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या जमिनीवर आकारास आली. अग्रहार म्हणजे ब्राह्मणांना दान दिलेले गाव. ‘केओनिक्स’चे आर. के. बाळिगा यांच्या कल्पनेतील ही वसाहत ज्यांच्या कारकिर्दीत साकारली, ते मुख्यमंत्री देवराज अर्स यांचे नाव मात्र जमीन व जात या प्रश्नांशीच अधिक जोडले गेले आहे.

अर्स यांचा जन्म २० ऑगस्ट १९१५ रोजी म्हैसूर भागात, संख्येने अत्यल्प अशा अरसू समाजात झाला. राज्य पुनर्रचनेनंतर मुख्यमंत्रिपद लिंगायत नेत्यांकडेच राहिले होते; १९७२ मध्ये ही परंपरा खंडित झाली.

सुधारित जमीन कायदा १९७४ मध्ये अमलात आला आणि कसणाऱ्या कुळांना मालकी मिळू लागली. दावे ऐकणाऱ्या तालुका न्यायाधिकरणांपुढे वकिलांना मज्जाव होता. त्यामुळे निरक्षर कूळही जमीनदारासमोर स्वतःची बाजू मांडू शकले. मात्र भूमिहीन मजूर, ज्यांत दलित मोठ्या संख्येने होते, ते कूळच नसल्याने बहुतांशी वंचित राहिले. ही उणीव लहान नव्हती.

हावनूर आयोगाने १९७५ मध्ये दिलेल्या अहवालात लिंगायतांना मागास यादीतून वगळले. त्यावर मोठे वादळ उठले. तरीही १९७७ मध्ये अर्स सरकारने मागासवर्गीयांसाठी आरक्षणाचे आदेश काढले.

१९७९ मध्ये इंदिरा गांधींशी त्यांचा दुरावा झाला, १९८० च्या प्रारंभी सत्ता गेली. ६ जून १९८२ रोजी अर्स यांचे निधन झाले.