अंगठ्याला डोळे देणारा माणूस

यंदाच्या मे महिन्यात माझा मावसभाऊ आमच्याकडे बेळगावला राहायला आला, तेव्हा त्याच्याजवळ हातात धरून खेळायचं एक छोटं गेमयंत्र होतं. दोनच दिवसांत त्याचं तोंड पडलं. खेळातला हिरो आपोआप डावीकडे चालायला लागला होता, ह्याचा अंगठा स्टिकवर नसतानासुद्धा! खडेबाजारातल्या दुरुस्तीवाल्यानं स्टिक आतून झिजलीय एवढंच सांगितलं आणि अख्खा भाग बदलायची किंमत सांगितली. ती ऐकून मावशी गप्पच झाली. मग मी माळ्यावरून माझ्या लहानपणचा स्वस्तातला टीव्ही गेम काढला. कंट्रोलर पिवळा पडलाय, वायरला चिकटपट्टी आहे, पण डाव्या बाजूचं ते काळं, क्रूसाच्या आकाराचं बटण अजून जसंच्या तसं चालतं.

हे बटण कुणाच्या डोक्यातून निघालं, ते शोधता शोधता मला गुनपेई योकोई भेटले. मित्रांनो, आपल्या अंकात कवी-लेखकांची चरित्रं नेहमीच येतात. या वेळी एका खेळणी बनवणाऱ्याचं येऊ द्या.

योकोई यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१ रोजी जपानमधल्या क्योटो शहरात झाला. इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण त्यांनी त्याच शहरातल्या दोशिशा विद्यापीठात घेतलं. जोसेफ नीजिमा या जपानी ख्रिस्ती शिक्षकानं १८७५ मध्ये सुरू केलेली ही संस्था. म्हणजे आपल्यासारखाच ख्रिस्ती कॉलेजातून बाहेर पडलेला हा एक विद्यार्थी. १९६५ मध्ये त्यांना गावातच नोकरी मिळाली, निन्टेंडो कंपनीत. आज हे नाव मोठं वाटतं, पण तेव्हा ही कंपनी पत्ते छापायची. १८८९ पासून तिचा मुख्य धंदा म्हणजे फुलांची चित्रं असलेले जपानी पत्ते. योकोई यांचं काम काय, तर पत्ते बनवणारी यंत्रं बंद पडू नयेत याची देखभाल.

यंत्रं नीट चालत असली की देखभाल करणाऱ्याला काम नसतं. रिकाम्या वेळात त्यांनी स्वतःच्या गमतीसाठी एक लांबणारा हात बनवला. लाकडी पट्ट्या फुलीसारख्या एकमेकींना जोडलेल्या, इकडे दांडे दाबले की तिकडे हात लांब जाऊन वस्तू पकडणार. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी ते पाहिलं आणि त्यांना बोलावून घेतलं. कामाच्या वेळेत खेळत बसलो म्हणून आता बोलणी बसणार, असं योकोई यांना वाटलं असेल तर नवल नाही. झालं उलटंच. हेच खेळणं म्हणून विकायला काढ, असा हुकूम मिळाला. १९६६ मध्ये अल्ट्रा हँड नावानं ते बाजारात आलं आणि दहा लाखांहून जास्त खपलं. देखभाल करणारा माणूस खेळणी बनवणारा झाला.

पण देखभालवाल्याची नजर मात्र सुटली नाही. त्यांचा एक विचार पुढे फार प्रसिद्ध झाला. तो मी आपल्या भाषेत सांगते. लोणचं मुरल्यावर खरं चवीला येतं, तसंच तंत्रज्ञानाचं असतं. नवंकोरं तंत्र महाग असतं, ते कुठे दगा देईल ते कुणालाच ठाऊक नसतं. मुरलेलं तंत्र स्वस्त असतं आणि त्याच्या सगळ्या खोड्या कळलेल्या असतात. तेव्हा मुरलेलंच घ्यायचं, फक्त ते कुणी वापरलं नसेल अशा ठिकाणी वापरायचं.

पुढची गोष्ट बुलेट ट्रेनमधली. प्रवासात कंटाळलेला एक नोकरदार माणूस खिशातल्या कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेला योकोई यांना दिसला. कॅल्क्युलेटरचा पडदा तोवर मुरून स्वस्त झाला होता. त्यातून १९८० मध्ये गेम अँड वॉच जन्माला आला. तळहाताएवढा खेळ, शिवाय घड्याळही. बटणं दोन्ही कडांना, अंगठे आपोआप पडतील तिथे. मोठ्या माणसाला मांडीवर हात ठेवून, शेजाऱ्याला न कळता खेळता यावं, हा त्यामागचा हिशेब. हे खेळ जगभरात चार कोटींहून जास्त खपले.

आता आपण मुख्य अडचणीकडे येऊ. १९८१ मध्ये डाँकी काँग हा खेळ दुकानांतल्या मोठ्या मशीनवर गाजला. तो शिगेरू मियामोतो या तरुणानं योकोई यांच्या देखरेखीखाली बनवला होता. तोच खेळ आता खिशात मावेल असा करायचा होता. खेळातला हिरो डावी-उजवीकडे पळतो आणि शिडीवर चढ-उतारही करतो, म्हणजे दिशा चार झाल्या. मोठ्या मशीनला मुठीत धरायची दांडी होती. ती पुस्तकासारख्या मिटणाऱ्या खेळात बसणार कशी? उंच दांडी असली तर झाकण मिटणार नाही, खिशात घातली तर मोडेल. बरं, चार सुटी बटणं लावली तर अंगठा सारखा उचलून दुसरीकडे ठेवावा लागतो आणि कुठलं बटण कुठे आहे ते बघायला मान खाली घालावी लागते. तेवढ्यात वरून पिंप येऊन आदळतं!

१९८२ च्या डाँकी काँग गेम अँड वॉचवर या अडचणीचं उत्तर होतं. चार बटणांच्या जागी एकच बटण, अधिकच्या चिन्हासारखं, मधोमध टेकलेलं. एक टोक दाबलं की समोरचं टोक उचललं जातं, त्यामुळे डावं आणि उजवं एकदम दाबलं जाऊच शकत नाही. मध्यभागी अंगठा ठेवला की चारही बाजू कातडीलाच कळतात. अंगठा उचलायचा नाही, नुसता कलता करायचा. डोळे पडद्यावर राहतात आणि अंगठ्याला स्वतःचे डोळे फुटतात. अमेरिकेतलं पेटंट पुढे १९८७ मध्ये मिळालं, त्यावर संशोधक म्हणून कंपनीतल्या इचिरो शिराई यांचं नाव आहे. चांगली वस्तू एकट्या माणसाची क्वचितच असते.

हे बटण टिकतं का, याचंही कारण साधं आहे. अशा कंट्रोलरमध्ये या बटणाखाली टीव्हीच्या रिमोटमध्ये असतं तसलं रबर असतं. दाबलं की रबराखालचा काळा ठिपका तांब्याच्या रेषांना टेकतो, सोडलं की सुटतो. घासायला फारसं काही नाहीच. माझ्या मावसभावाच्या स्टिकसारख्या बहुतेक स्टिकमध्ये मात्र धातूची जीभ कार्बनच्या पट्टीवर सतत घासत असते. जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण काही वर्षांनी खरखरायला लागतं ना, तोच आजार. स्टिकनं हलकं-जोरात, तिरकं-वाकडं सगळं करता येतं, पण त्याची किंमत झिजेनं मोजावी लागते.

मुरलेल्या वाटेवरून न गेल्याचा अनुभव कंपनीला १९८३ मध्येच आला. त्या वर्षी आलेल्या फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या यंत्रात हेच क्रूसाचं बटण होतं, पण उजव्या हाताची दोन बटणं चौकोनी आणि रबरी होती. ती दाबता दाबता कडेला अडकून बसायची. मग ती गोल आणि कडक प्लॅस्टिकची केली गेली. माळ्यावरच्या माझ्या टीव्ही गेमची बटणं गोल का आहेत, ते मला आत्ता कळलं.

१९८९ मध्ये योकोई यांच्या विभागाचा गेम बॉय आला. ते चांगलंच जाड यंत्र होतं. पडदा हिरवट, चार छटांचा, त्याला आतून दिवा नाही. लोक हसले, कारण त्याच सुमाराला दुसऱ्या कंपन्यांचे रंगीत, उजेड असलेले पडदे आले होते. पण त्या यंत्रांना सहा पेन्सिल सेल लागायचे आणि ते काही तासांतच संपायचे. गेम बॉय चार सेलवर दहा-पंधरा तास सहज चालायचा. डाव्या अंगठ्याखाली क्रूस, उजव्या अंगठ्याखाली जरा तिरकी मांडलेली दोन बटणं, कारण अंगठा तसाच वळतो. त्याचा दणकटपणा सांगायला एकच उदाहरण पुरे. आखाती युद्धात जळून वितळलेला एक गेम बॉय न्यूयॉर्कच्या दुकानात कित्येक वर्षं मांडून ठेवला होता, आणि त्याच्या पडद्यावर टेट्रिस चालू असायचा. रंगीत आवृत्ती धरून हे यंत्र अकरा कोटींहून जास्त खपलं.

म्हणून सगळं गोड होतं असं समजू नका. १९९० मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात निन्टेंडोवर सलग पाच तास खेळून अंगठा दुखवून घेतलेल्या एका बाईची हकीकत छापून आली. बटण कितीही शहाणं असलं तरी अंगठा हाडामांसाचाच असतो. यंत्र जितकं लहान, तितका अंगठा मुडपतो आणि तळव्याला टेकू मिळत नाही.

आणि मग योकोई स्वतःच चुकले. १९९५ मध्ये त्यांचा व्हर्च्युअल बॉय बाजारात आला. टेबलावर स्टँड, त्यात डोळे खुपसून बसायचं, समोर काळ्या अंधारात लाल चित्रं. कंट्रोलर हाताला छान बसणारा होता, त्यावर दोन-दोन क्रूस होते. पण मान आखडायची, डोळे दुखायचे, डोकं ठणकायचं. खेळ अधूनमधून आपोआप थांबून विश्रांती घ्यायला लावण्याची सोयच त्यात ठेवली होती. जे यंत्र स्वतःच सांगतं की मला फार वेळ वापरू नका, ते कोण घेणार? आठ लाखसुद्धा खपले नाहीत आणि वर्षभरात ते बंद झालं. माणसाला मांडीवर हात ठेवून आरामात खेळू देणाऱ्यानं त्यालाच टेबलाशी वाकवून बसवलं होतं.

१९९६ मध्ये लहान, हलका गेम बॉय पॉकेट करून देऊन योकोई यांनी एकतीस वर्षांची नोकरी सोडली. अपयशामुळे गेले, असं लोक बोलले. त्यांनी स्वतः ते नाकारलं. क्योटोतच त्यांनी कोतो नावाची छोटी कंपनी काढली आणि बंदाई कंपनीसाठी नवं यंत्र करायला घेतलं. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी इशिकावा भागातल्या महामार्गावर त्यांची गाडी पुढच्या ट्रकला धडकली. काय नुकसान झालं ते बघायला ते खाली उतरले आणि मागून येणाऱ्या गाडीनं त्यांना उडवलं. वय अवघं छप्पन्न.

ते यंत्र, वंडरस्वान, १९९९ मध्ये त्यांच्यामागे आलं. ते एकाच पेन्सिल सेलवर तीसेक तास चालायचं. आडवं धरा नाहीतर उभं, दोन्ही तऱ्हांनी खेळता यायचं. पण त्यावर तो क्रूस नव्हता. क्रूसाचं पेटंट जुन्या कंपनीकडे होतं. इथे दिशेची बटणं पुन्हा सुटी होती, चार-चारचे दोन संच. त्या यंत्राबरोबर आलेल्या एका कोड्याच्या खेळाला त्यांच्याच नावावरून गुनपे हे नाव दिलं गेलं. पडद्यावर त्यांचं नाव आणि अंगठ्याखाली मात्र त्यांचं बटण नाही. हे वाचून मी थोडा वेळ तशीच बसून राहिले.

मावसभाऊ परत गेला, तेव्हा माझा पिवळा कंट्रोलर मागून घेऊन गेला. हात दुखला की आपण म्हणतो, माझ्याच हाताला सवय नाही. पत्त्यांची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या या माणसाकडून मी एवढंच शिकले, की आधी हाताकडे नाही, वस्तूकडे संशयानं बघावं. मग थोडा वेळ ती खाली ठेवावी.