बंद फाटकामागची बाग

एडिंबरोच्या वायव्येला, फोर्थच्या खाडीपलीकडे वसलेले डनफर्मलिन हे स्कॉटलंडच्या राजांचे एके काळचे राजधानीचे गाव. रॉबर्ट द ब्रूस या पराक्रमी राजाची समाधी येथल्या मठात आहे. इंग्लंडच्या गादीवर बसून पुढे शिरच्छेदाला सामोरा गेलेला पहिला चार्ल्स १६०० मध्ये येथल्याच राजवाड्यात जन्मला. मठ आणि राजवाडा यांच्या अवशेषांना अगदी लागून पिटनक्रिफची जहागीर होती. मधोमध खोल दरी, तळाशी वाहणारा ओढा, जुनी झाडे, सतराव्या शतकाच्या आरंभी बांधलेला वाडा आणि राजा माल्कमच्या बुरुजाचे उरलेसुरले दगड. गावाच्या कुशीतच असलेली ही जागा गावकऱ्यांची मात्र नव्हती. ती हंट नावाच्या जमीनदार घराण्याच्या मालकीची होती.

याच गावातील एका विणकराच्या घरात २५ नोव्हेंबर १८३५ रोजी अँड्र्यू कार्नेगी यांचा जन्म झाला. वडील विल्यम हातमागावर नक्षीदार तागाचे कापड विणत. आईचे माहेर मॉरिसन घराण्याचे. हे घराणे गावात चळवळे म्हणून प्रसिद्ध होते. मठाच्या परिसरावर जमीनदार अतिक्रमण करीत आहे, त्या जागेवर नागरिकांचा हक्क आहे, असा दावा करून अँड्र्यूचे आजोबा आणि नंतर मामा यांनी लढा दिला. त्याची शिक्षा साऱ्या कुळाला भोगावी लागली. वर्षातून एक दिवस पिटनक्रिफचे फाटक गावातील मुलांसाठी उघडत असे. मॉरिसन घराण्यातील कोणालाही मात्र त्या दिवशीही आत सोडले जात नसे. लहानग्या अँड्र्यूला ती बाग केवळ कुंपणाबाहेरून दिसली.

वाफेवर चालणारे माग आले आणि हातमागाची रया गेली. विल्यम कार्नेगी यांचे काम सुटले. १८४८ मध्ये उसनवारीच्या पैशांवर या कुटुंबाने अमेरिका गाठली आणि पेनसिल्व्हेनियात बिऱ्हाड थाटले. तेरा वर्षांचा अँड्र्यू सुताच्या गिरणीत आठवड्याला सव्वा डॉलरही न भरणाऱ्या मजुरीवर रिळे बदलू लागला. पुढे तो तारघरात निरोप्या झाला. त्याच काळात कर्नल जेम्स अँडरसन या सद्गृहस्थाने आपला सुमारे चारशे पुस्तकांचा संग्रह कष्टकरी मुलांसाठी दर शनिवारी खुला केला. शाळा सुटलेल्या अँड्र्यूचे खरे शिक्षण तेथे झाले. एक दार बंद असण्याचे आणि दुसरे उघडे असण्याचे हे दोन अनुभव त्यांच्या आयुष्याला पुरून उरले.

तारयंत्रापासून रेल्वे आणि रेल्वेपासून पोलाद असा त्यांचा प्रवास झाला. १८७५ मध्ये पिट्सबर्गजवळ त्यांचा पोलादाचा मोठा कारखाना सुरू झाला. पैसा आला तसे मायदेशाचे पाशही घट्ट झाले. आपल्या नावाचे पहिले सार्वजनिक ग्रंथालय त्यांनी डनफर्मलिनलाच दिले. १८८१ मध्ये त्याची कोनशिला त्यांच्या आईच्या हस्ते बसवण्यात आली. पुढे जगभर त्यांच्या देणगीतून अडीच हजारांहून अधिक ग्रंथालये उभी राहिली.

या चरित्रातील सर्वांत काळे पान १८९२ चे आहे. कामगार संघटनांचा पुरस्कार करणारे लेख कार्नेगी यांनी पूर्वी लिहिले होते. होमस्टेड येथील कारखान्यात वेतनकपातीवरून संघर्ष पेटला, तेव्हा मात्र संघटना मोडण्याच्या व्यवस्थापक हेन्री फ्रिक यांच्या धोरणाला त्यांची संमती होती. फ्रिक यांनी सुमारे तीनशे खासगी सशस्त्र रक्षक नदीमार्गे आणले. ६ जुलै रोजी झालेल्या चकमकीत किमान दहा जणांचा बळी गेला. त्या उन्हाळ्यात कारखान्याचे मालक स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात विश्रांती घेत होते. संघटना चिरडली गेली आणि बारा तासांची पाळी कायम राहिली. मामा-आजोबांनी ज्या हक्कांसाठी घरादारावर बंदी ओढवून घेतली, त्याच जातीच्या हक्कांना त्यांच्या भाच्या-नातवाने कारखान्याच्या फाटकाबाहेर ठेवले. या घटनेचा डाग त्यांच्या नावावरून कधी पुसला गेला नाही.

१८९७ मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी त्यांना कन्या झाली. स्कॉटलंडमध्ये स्वतःचे घर हवे म्हणून १८९८ मध्ये त्यांनी उत्तरेकडील सदरलँड परगण्यातील स्कीबो ही जहागीर विकत घेतली. येथे एके काळी केथनेसच्या बिशपांचे निवासस्थान होते. कार्नेगी यांनी वाडा वाढवला, काचेच्या छपराचा तरणतलाव बांधला. सकाळी स्कॉटिश मशकवाद्याच्या सुरांनी पाहुण्यांना जाग येई आणि न्याहारीच्या वेळी ऑर्गन वाजे. १९०२ मध्ये सातवे एडवर्ड हे राजेही तेथे येऊन गेले. त्याआधी १९०१ मध्ये कार्नेगी यांनी आपला पोलाद व्यवसाय ४८ कोटी डॉलरना विकला होता. यापुढचे काम एकच होते, संपत्ती वाटून टाकण्याचे.

अशा वेळी पिटनक्रिफ विक्रीला असल्याचे कळले. १९०२ मध्ये व्यवहार पुरा झाला आणि मॉरिसनांचा नातू पिटनक्रिफचा जमीनदार झाला. या पदवीचे त्यांना इतर कोणत्याही मानापेक्षा अधिक अप्रूप होते. परंतु ती बाग त्यांनी स्वतःपाशी ठेवली नाही. १९०३ मध्ये त्यांनी ती डनफर्मलिनच्या नागरिकांना कायमची देऊन टाकली. तिची निगा राखण्यासाठी आणि गावातील कष्टकऱ्यांचे जीवन थोडे अधिक सुंदर व्हावे यासाठी त्यांनी एका विश्वस्त संस्थेकडे मोठा निधी सोपवला. ज्या फाटकाने त्यांना अडवले होते, ते त्यांनी कोणालाच अडवता येणार नाही असे करून ठेवले.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. हेग येथील शांतता प्रासादाला द्रव्य पुरवणाऱ्या कार्नेगी यांना हा आघात सोसवला नाही. त्यांनी स्कीबो सोडले ते कायमचेच. ११ ऑगस्ट १९१९ रोजी मॅसॅच्युसेट्समधील लेनॉक्स येथे त्यांचे निधन झाले. तोवर त्यांनी सुमारे पस्तीस कोटी डॉलर दान केले होते.

आज त्यांच्या दोन्ही जहागिरी स्कॉटलंडमध्ये उभ्या आहेत. स्कीबो हा सभासदांपुरता मर्यादित असा उंची क्लब झाला आहे. डिसेंबर २००० मध्ये गायिका मॅडोनाचा विवाह तेथे झाला, तेव्हा जगभरची वार्ताहर मंडळी फाटकाबाहेर ताटकळत होती. पिटनक्रिफमध्ये शिरायला मात्र तिकीट लागत नाही. जुन्या वाड्यात पुढे संग्रहालय झाले, हिरवळीवर मोर मोकळे हिंडतात आणि बागेत १९१४ मध्ये उभारलेला कार्नेगी यांचा पुतळा आहे. होमस्टेडच्या मजुरांचा घाम या हिरवळीत मुरलेला आहे, हे तेथे येणाऱ्याने विसरू नये. तरीही एका बहिष्कृत घराण्यातील मुलाने आपल्या अपमानाचे उत्तर दुसऱ्या कोणावर बंदी घालून न देता बंदीच उठवून दिले, ही गोष्ट त्या हिरवळीइतकीच खरी आहे.