रंग हुकले, बीड साधले

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. तिथे लक्षात आले, की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. हे रंगांधत्व बहुधा जन्मजात असते. त्यावर औषध नाही. लक्ष्मणराव यंत्रांच्या रेखाचित्रांकडे वळले. तिथे रंगांची गरज नव्हती.

पुढे बेळगावात सायकलींचे दुकान, कडबा कापायचे यंत्र आणि मग बिडाचा नांगर. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीमुळे पहिला नांगर विकायला दोन वर्षे गेली.

बीड ओतणे सोपे नाही. वितळलेला रस झटकन निवला, तर त्यातला कार्बन लोखंडाशी बांधला जातो. बीड कठीण, पण ठिसूळ होते. सावकाश निवला, तर कार्बन ग्रॅफाइट होऊन वेगळा पडतो. बीड मऊ होते, पण कातता येते. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंत लवकर गोठणे सहसा फायद्याचे: कण बारीक राहतात, भाग बळकट होतो. आज वाळूजला दुचाकींचे भाग ओततानाही निवण्याचा वेग सांभाळावा लागतो.

१९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले.

मूल लाल-हिरव्यात गोंधळत असेल, तर रागावू नका. नेत्रतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्या. काही वाटा बंद होतील, सगळ्या नाही.