बेली डान्सची ‘अस्सल इजिप्शियन’ शैली घडवली सीरियातल्या बाईने! कोण होत्या बदिया मसाबनी?

बेली डान्स शिकायचा तर ‘अस्सल इजिप्शियन’च शिका, त्यात तुर्की आणि अमेरिकन प्रकारांची भेसळ नको, असं या नृत्याच्या क्लासमध्ये अनेकदा ऐकायला मिळतं. त्याहून पुढचा सवालही आहे. ज्यांची ही संस्कृतीच नाही, त्यांनी हे नृत्य करावं का? २०१४ मध्ये अरब वंशाच्या अमेरिकन लेखिका रांदा जर्रार यांनी गोऱ्या बेली डान्सरवर टीका करणारा लेख लिहिला आणि त्यावरून बरीच खडाजंगी झाली.

गंमत म्हणजे आज जिला ‘अस्सल इजिप्शियन’ म्हणतात, ती शैली बऱ्याच अंशी कैरोतल्या एका खासगी रंगमंचावर, १९२६ नंतरच्या काही वर्षांत आकाराला आली. तो रंगमंच चालवणारी बाई इजिप्तची नव्हती. बदिया मसाबनी हे तिचं नाव. अरब जगात ते आजही घराघरात माहीत आहे, आपल्याकडे मात्र फारसं नाही.

दमास्कस ते ब्युनॉस आयर्स

बदिया यांचा जन्म १८९२ सालचा, दमास्कसमधला. लहानपणीच त्यांच्यावर लैंगिक अत्याचार झाला. गुन्हा दुसऱ्याचा, पण बोटं मुलीकडे, हा अनुभव आपल्यालाही अनोळखी नाही. त्यानंतर कुटुंब थेट अर्जेंटिनाला गेलं. हे सगळं बदिया यांनी उतारवयात आपल्या आठवणींमध्ये स्वतः सांगितलं आहे.

काही वर्षांनी कुटुंब परतलं, पण लग्नाच्या बाजारात या मुलीला जागा नव्हती. बदिया कैरोला निघून गेल्या आणि नाटक कंपनीत शिरल्या. बैरूतमध्येही त्यांनी गाण्या-नाचण्याचं काम केलं. पुढे इजिप्तचे लोकप्रिय विनोदी नट नगीब अल-रिहानी यांच्या कंपनीत त्या नायिका झाल्या. दोघांनी लग्न केलं, पण ते टिकलं नाही. वेगळं झाल्यावर त्यांनी नवीन कंपनी शोधली नाही, स्वतःचंच थिएटर काढलं.

आधी काय होतं?

‘बेली डान्स’ हे नाव अरबी नाही. फ्रेंच लोकांनी ‘पोटाचा नाच’ म्हटलं आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनातून ते नाव अमेरिकेत गाजलं. अरबीत स्टेजवरच्या प्रकाराला ‘रक्स शर्की’ म्हणतात, म्हणजे पूर्वेकडचं नृत्य. (रक्स हा शब्द उर्दू गझलांमुळे आपल्याला ओळखीचा आहे.) घरगुती, लग्नसमारंभातल्या नाचाला म्हणतात ‘बलदी’, म्हणजे गावाकडचा, आपल्या मातीतला.

इजिप्तमध्ये व्यावसायिक नर्तकी होत्याच. ‘अवालिम’ प्रतिष्ठितांच्या घरी, बायकांच्या मैफलीत गात-नाचत. ‘गवाझी’ रस्त्यावर आणि जत्रांमध्ये नाचत. १८३४ मध्ये सत्ताधीश मुहम्मद अली यांनी अशा नर्तकींना कैरोतून हाकलून दक्षिणेकडच्या गावांत पाठवलं होतं. नाच लोकांना हवा, नाचणारी नको, ही तऱ्हा तिथेही जुनीच.

हा नाच थोड्या जागेत व्हायचा. एक नर्तकी, चार-पाच वादकांचा ताफा, बोटांत छोट्या झांजा. कमरेची हालचाल मुख्य, बाकी शरीर बऱ्यापैकी एका जागी.

इमाद अल-दीन रस्त्यावरची ‘साला’

१९२६ मध्ये बदिया यांनी कैरोच्या इमाद अल-दीन रस्त्यावर ‘साला बदिया’ सुरू केली. हा रस्ता म्हणजे तेव्हाच्या कैरोची थिएटरगल्ली. एकाच तिकिटात गाणं, विनोदी प्रवेश आणि नाच असा तो खेळ असे. प्रेक्षकांत इजिप्शियन होते, तसेच युरोपियनही.

मोठा रंगमंच आला की एका जागी उभं राहून चालत नाही. बदिया यांनी नर्तकीला स्टेजभर फिरायला लावलं. हात वर गेले, मागे मुलींची रांग आली, हातात ओढणीसारखं झुळझुळीत वस्त्र आलं, ताफ्याच्या जागी मोठा वाद्यवृंद आला. बॅलेतल्या गिरक्या आणि लॅटिन अमेरिकन ठेकेही त्यात मिसळले. झगमगती चोळी आणि कमरेखाली घागरा हा आज ‘इजिप्शियन’ म्हणून ओळखला जाणारा पोशाखही याच काळात रुळला. त्यावर युरोपच्या रंगमंचाने आणि हॉलिवूडने रंगवलेल्या काल्पनिक ‘पूर्वे’ची छाप आहे, असं अभ्यासक मानतात. म्हणजे फोटोत जे सगळ्यात इजिप्शियन दिसतं, तेच सगळ्यात कमी इजिप्शियन!

त्यांच्याकडे घडलेल्या दोन मुली पुढे इजिप्शियन सिनेमाच्या मोठ्या तारका झाल्या: सामिया गमाल आणि तहिया कारिओका. तहिया यांचं ‘कारिओका’ हे आडनाव नाही. १९३३ च्या ‘फ्लाइंग डाउन टू रिओ’ या हॉलिवूडपटात कारिओका नावाचा ब्राझिलियन धाटणीचा नाच होता. तहिया तो करायच्या, आणि नाव चिकटलं ते कायमचं. तरीही इजिप्तमध्ये ‘बलदी’ बाजाची नर्तकी कोण, असं विचारलं तर आधी नाव येतं ते त्यांचंच. विचारवंत एडवर्ड सईद यांनी शाळकरी वयात कैरोत त्यांचा नाच पाहिला होता. १९९० मध्ये त्यांनी तहिया यांच्यावर लेख लिहिला, तेव्हाही त्यांच्या लक्षात होतं ते त्यांचं जवळजवळ एका जागी उभं राहून नाचणं.

मग ही भेसळ नाही का?

भेसळ होतीच. पण शिकागोच्या प्रदर्शनानंतर अमेरिकेत जे झालं आणि कैरोत जे झालं, त्यात एक फरक आहे, आणि माझ्या मते सगळा वाद तिथेच येऊन थांबतो. शिकागोनंतर अमेरिकेत नकली ‘इजिप्शियन’ नर्तकींचं पीक आलं. समोरच्या प्रेक्षकाला खरं-खोटं कळायचं काहीच साधन नव्हतं. बदिया यांच्या थिएटरात असं नव्हतं. तिथे फक्त बायकांसाठी वेगळा खेळ असायचा. त्या खेळाला येणाऱ्या बायका घरच्या लग्नात स्वतः बलदी नाचणाऱ्या. ठेका चुकला, गाण्याचा अर्थ न कळता कुणी नुसती कंबर हलवली, तर त्यांना ते लगेच कळणार. इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचं तर फीडबॅक होता.

बदिया स्वतः परक्या असल्या तरी अरबी त्यांची मातृभाषा होती, गाण्याचा शब्द न् शब्द त्यांना कळत होता आणि बोटांतल्या झांजा वाजवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. बदललं ते स्टेज. कान तोच राहिला.

आजचा वाद

२००३ मध्ये इजिप्त सरकारने परदेशी नर्तकींना परवाने देणं बंद केलं. स्थानिक मुलींचं काम जातंय, हे कारण होतं. पुढच्याच वर्षी बंदी मागे घेतली गेली. हा नियम १९२६ मध्ये असता तर बदिया यांचं काय झालं असतं, हा विचार मनात येतोच. पण कारण खोटं नव्हतं. इजिप्शियन नर्तकीला घरी-दारी टोमणे ऐकावे लागतात. परदेशी नर्तकी तेच करते तेव्हा तिचा छंद किंवा करिअर म्हणून कौतुक होतं. पदन्यास उसना घेता येतो, बदनामी मात्र वाट्याला येत नाही. आक्षेप आहे तो इथे, आणि तो मला पटतो.

तिकडे सान फ्रान्सिस्कोत तयार झालेल्या ‘अमेरिकन ट्रायबल’ शैलीत तर आपली चोळीसुद्धा आहे. ही टोळी नेमकी कुठली, याचं उत्तर अवघड आहे. तो एक वेगळा, अमेरिकेत जन्मलेला प्रकार आहे असं स्पष्ट सांगून शिकवलं तर फसवणूक नाही. इजिप्तचा प्राचीन नाच म्हणून विकलं तर आहे.

कर आणि आग

१९४० मध्ये बदिया यांनी ऑपेरा चौकात ‘कॅसिनो ऑपेरा’ हे आणखी मोठं थिएटर उभारलं. युद्धाच्या काळात ते ब्रिटिश सैनिकांनी भरलेलं असायचं. पण करांची थकबाकी वाढत गेली आणि १९५० च्या सुमारास त्यांना सगळं विकून इजिप्त सोडावं लागलं. २६ जानेवारी १९५२ रोजी ब्रिटिशांविरोधातल्या संतापात कैरो पेटलं. आदल्या दिवशी इस्माइलियात इजिप्शियन पोलीस मारले गेले होते, आणि इथे एक पोलीस अधिकारी नर्तकीसोबत दारू पीत बसलेला दिसला म्हणून जमाव भडकला. ती जागा होती कॅसिनो ऑपेरा. सुरुवातीलाच जळालेल्या इमारतींमध्ये ती होती.

बदिया तेव्हा लेबनॉनमध्ये होत्या. बैरूत-दमास्कस मार्गावरच्या श्तौरा गावात त्यांनी दूध-दुभत्याचं दुकान टाकलं. येणारे-जाणारे प्रवासी तिथे थांबत. १९७४ मध्ये त्यांचं निधन झालं.