न ऐकलेली प्रार्थना



‘नार्निया’च्या सात बालकथांचे लेखक सी. एस. लुईस यांचा जन्म १८९८ साली बेलफास्ट येथे झाला. १९०८ साली त्यांची आई कर्करोगाने आजारी पडली. नऊ वर्षांच्या मुलाने ती बरी व्हावी म्हणून प्रार्थना केली. पण आई देवाघरी गेली. पुढे शाळेत असतानाच ते नास्तिक झाले.

ऑक्सफर्डला शिकवत असताना कॅथलिक लेखक टोल्किन यांच्याशी त्यांची मैत्री जमली. रात्र रात्र चर्चा होत. १९३१ साली लुईस ख्रिस्ताकडे परतले, मात्र अँग्लिकन पंथातच राहिले.

१९५५ सालच्या ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ या पुस्तकात एक मुलगा आजारी आईसाठी सिंहराज अस्लानकडे औषध मागतो. वर पाहतो, तर सिंहाच्याच डोळ्यांत अश्रू! शेवटी त्याची आई बरी होते. लुईस यांची आई बरी झाली नव्हती. १९६० साली पत्नीही कर्करोगानेच गेली. श्रद्धा हादरली, पण मोडली नाही. १९६३ साली त्यांचे निधन झाले.

पालकहो, देवाने माझे का ऐकले नाही, असे मुलाने विचारले तर उत्तराची घाई करू नका. लाजरच्या कबरेपाशी प्रभू येशू रडला, एवढे त्याला जरूर सांगा.