हर्बर्ट मसग्रेव्ह फिप्सन

हर्बर्ट मसग्रेव्ह फिप्सन (१८५० – १९३६) हे मुंबईत स्थायिक झालेले इंग्रज मद्यव्यापारी व हौशी निसर्ग-अभ्यासक होते. १८८६ ते १९०६ अशी सुमारे वीस वर्षे ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव होते. त्यांच्या पेढीच्या कार्यालयात पाळलेल्या विल्यम नावाच्या महाधनेश पक्ष्यामुळे त्यांचे नाव भारतातील वन्य पक्ष्यांच्या संगोपनाच्या इतिहासाशीही जोडले गेले आहे. या पक्ष्यावरूनच पुढे संस्थेचे बोधचिन्ह तयार झाले.

मुंबईतील आगमन आणि संस्थेशी संबंध

फिप्सन १८७८ मध्ये मुंबईत आले. फिप्सन आणि कंपनी ही त्यांची मद्यविक्रीची पेढी कोट भागात होती. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ निसर्गप्रेमी एकत्र आले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना झाली. या आठ जणांत प्रार्थना समाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. साताऱ्यात जन्मलेले लेखक एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हे पहिले मानद सचिव झाले.

आपापली निरीक्षणे परस्परांना सांगावीत आणि जमवलेले नमुने दाखवावेत, हा या मंडळींचा मूळ हेतू होता. मात्र संस्थेला स्वतःची जागा नव्हती. जानेवारी १८८४ मध्ये फिप्सन यांनी फोर्ब्स स्ट्रीटवरील आपल्या पेढीच्या जागेत संस्थेला एक खोली दिली. १८८६ मध्ये संस्था ६, अपोलो स्ट्रीट येथे हलली आणि त्याच वर्षी फिप्सन मानद सचिव झाले. जानेवारी १८८६ पासून संस्थेचे नियतकालिक निघू लागले. त्याचे आरंभीचे संपादन एटकेन आणि रॉबर्ट आर्मिटेज स्टर्नडेल यांनी केले.

फिप्सन यांना सापांच्या अभ्यासात विशेष रस होता. मुंबई इलाख्यातील विषारी सापांवर त्यांनी संस्थेच्या नियतकालिकात लेखन केले. पश्चिम घाटात आढळणाऱ्या, जमिनीखाली राहणाऱ्या एका बिनविषारी सापाला १८८८ मध्ये त्यांच्या नावावरून यूरोपेल्टिस फिप्सोनाय असे शास्त्रीय नाव देण्यात आले.

विल्यमचे संगोपन

ऑगस्ट १८९४ च्या सुमारास कारवारच्या एच. इंगल यांनी महाधनेशाचे एक पिल्लू संस्थेला भेट दिले. फिप्सन यांच्या नोंदीनुसार त्याचा जन्म मे महिन्यातील, म्हणजे ते त्या वेळी अवघे तीन महिन्यांचे होते. त्याचे नाव विल्यम ठेवण्यात आले. तिसरे वर्ष संपेपर्यंत त्याने पूर्ण वाढ गाठली आणि त्याची लांबी सव्वाचार फूट, म्हणजे सुमारे १३० सेंटिमीटर भरली.

रानात महाधनेशाचे मुख्य अन्न वड, पिंपळ, उंबर यांच्या वर्गातील फळे हे असते. त्याला सरडे, उंदीर, कीटक अशा लहान जिवांची जोड मिळते. विल्यमचा आहारही याच प्रकारचा होता. केळी व रानउंबरांसारखी फळे, जिवंत उंदीर, विंचू आणि कच्चे मांस तो आवडीने खाई. तो पाणी पीत नसे आणि पाण्यात अंघोळही करत नसे. धनेश जातीच्या पक्ष्यांना लागणारे पाणी बहुतांशी फळांतून मिळते. त्यामुळे ही सवय आजारपणाची खूण नव्हती. अशा बारकाव्यांची नोंद ठेवल्यामुळे एका पाळीव पक्ष्याची हकिकत अभ्यासाचे साधन बनली.

सुमारे ३० फुटांवरून फेकलेला टेनिसचा चेंडू विल्यम चोचीत अचूक झेलत असे. या कसरतीचे मूळ धनेशाच्या खाण्याच्या पद्धतीत आहे. त्याची जीभ आखूड असल्याने चोचीच्या टोकाशी धरलेला घास तो हवेत उडवतो, घशाशी झेलतो आणि अखंड गिळतो. हीच सवय बंदिवासात धोक्याची ठरते, कारण रानात न आढळणाऱ्या वस्तूही तो तशाच गिळतो. विल्यमने एकदा पेटलेली सिगारसुद्धा गिळली होती. त्या वेळी त्याला काही अपाय झाला नाही.

विल्यमचा पिंजरा सचिवांच्या खुर्चीमागे असे. कार्यालयात येणारे पाहुणे त्याला गमतीने कार्यालयातील कॅनरी म्हणत. फिप्सन यांचे सहकारी वॉल्टर सॅम्युएल मिलार्ड १८८४ मध्ये पेढीत आले होते. १९०६ मध्ये ते संस्थेचे मानद सचिव झाले आणि विल्यमची देखभालही त्यांच्याकडे आली. १९०८ च्या सुमारास एका वेगळ्या चिमणीची ओळख पटवण्यासाठी शाळकरी सालिम अली मिलार्ड यांच्याकडे याच कार्यालयात गेले, तेव्हा विल्यम तेथेच होता.

विल्यमचा मृत्यू

१९२० मध्ये विल्यम मरण पावला. तो २६ वर्षे कार्यालयात राहिला होता. तारेचा तुकडा गिळल्याने त्याचा मृत्यू झाला, असे सांगितले जाते. संस्थेचे माजी अभिरक्षक नॉर्मन किनियर यांचे मत मात्र वेगळे होते. मिलार्ड त्याच वर्षी भारत सोडून गेले आणि जुन्या सोबत्याच्या वियोगानेच पक्षी गेला, असे त्यांना वाटे.

दोहोंपैकी कोणतेही कारण खरे मानले तरी बंदिवासाच्या मर्यादा त्यातून स्पष्ट होतात. महाधनेश बंदिवासात चाळीस वर्षांहून अधिक जगल्याच्या नोंदी आहेत. हा पक्षी जोडीने राहणारा आहे. विणीच्या हंगामात मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला बंद करून घेते आणि नर फटीतून तिला व पिलांना अन्न पुरवतो. विल्यमला योग्य आहार आणि माणसांचा लळा मिळाला; जोडीदार, ढोली आणि उंच झाडांचे जंगल मिळाले नाही.

कौटुंबिक जीवन

१८८९ मध्ये फिप्सन यांचा विवाह डॉ. एडिथ पेची यांच्याशी झाला. एडिनबरा विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी लढलेल्या सात स्त्रियांपैकी त्या एक होत्या. मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या त्या पहिल्या प्रमुख डॉक्टर. डॉ. सखाराम अर्जुन यांच्या सावत्र कन्या रखमाबाई यांना इंग्लंडमध्ये वैद्यकीय शिक्षण घेण्यासाठी त्यांनी साहाय्य केले. हे दांपत्य १९०५ मध्ये भारतातून परतले आणि १९०८ मध्ये एडिथ यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ फिप्सन यांनी लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिष्यवृत्ती सुरू केली. ती १९४८ पर्यंत दिली जात होती. नाशिकजवळील स्त्रिया व मुलांसाठीच्या आरोग्यधामाला १९६४ पर्यंत पेची-फिप्सन हे नाव होते. फिप्सन यांचे निधन १९३६ मध्ये झाले.

वारसा

१९३३ मध्ये, सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने, संस्थेने विल्यमच्या स्मृतीतून महाधनेशाचे बोधचिन्ह तयार केले. संस्थेच्या मुंबईतील वास्तूला हॉर्नबिल हाऊस असे नाव आहे आणि तिचे लोकप्रिय नियतकालिकही हॉर्नबिल याच नावाने निघते.

फिप्सन यांच्या काळात रानातील पिल्लू आणून पाळणे हे अभ्यासाचे मान्य साधन होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही स्थिती बदलली. महाधनेश आज कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्याला पाळणे गुन्हा ठरते. पिंजऱ्यात सर्रास दिसणारा देशी पोपट बाळगण्यासही कायद्याने मनाई आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या परदेशी जातींचे प्राणी व पक्षी पाळणाऱ्यांना २०२२ ची कायदादुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनुसार त्यांची शासनाकडे नोंदणी करावी लागते.